गोव्यात फ्री डिश लावताना: जूनच्या पावसाची शिल्लक आधी टाका

एप्रिलच्या उन्हात लावलेल्या छत्रीवर चित्र लख्ख दिसतं. जून लागला की साध्या सरीलाही तीच छत्री मान टाकते आणि खापर पावसावर फुटतं. पावसाचा हात असतोच. पण पुष्कळदा खरं कारण एवढंच असतं, की चित्र आल्याबरोबर लावणाऱ्याने नट आवळले आणि तो खाली उतरला. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर सिग्नल कमी पडला की मुंग्या दिसायच्या, त्यामुळे किती कमी आहे ते डोळ्यांना कळायचं. डिजिटल चित्र सिग्नल जेमतेम असतानाही तितकंच स्वच्छ दिसतं आणि एका मर्यादेखाली गेलं की तुकडे पडून एकदम बंद होतं. म्हणून चित्र दिसलं की तिथे काम सुरू झालं असं समजायचं. पुढचा अर्धा तास पावसाळ्यासाठी किती डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) शिल्लक टाकता येतील, यावर घालवायचा.

खालचं सगळं डीडी फ्री डिश धरून लिहिलं आहे, कारण तिला महिन्याचं भाडं नाही आणि सगळं सामान घरमालकाचंच असतं. इतर डीटीएच सेवांची छत्री असेल तर फक्त कोन बदलतात.

आकाशात नेमकं कुठे

फ्री डिशचे चॅनेल जीसॅट-१५ वरून येतात. हा ३,१६४ किलो वजनाचा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ ने सोडला. त्यावर केयू-बँडचे, म्हणजे १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचे, २४ ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रं) आहेत. तो विषुववृत्तावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे, म्हणजे साधारण ग्रेट निकोबारच्या थेट दक्षिणेला. पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आपल्याला तो जागचा हलताना दिसत नाही. खरं तर चंद्र-सूर्याच्या ओढीने तो सरकत असतो आणि कर्नाटकातल्या हसनच्या नियंत्रण केंद्रातून त्याला अधूनमधून जागेवर आणावं लागतं. पण हे सरकणं अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास राखलं जातं, त्यामुळे घरच्या छत्रीला त्याचा पत्ता लागत नाही.

पणजीहून हा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेल्या १२७ अंशांवर दिसतो, म्हणजे नेमक्या आग्नेयेच्या ८ अंश पूर्वेकडे. क्षितिजापासून उंची ६१ अंश. पेडण्यापासून काणकोणपर्यंत हे आकडे एका अंशाच्या आतच बदलतात, त्यामुळे अख्ख्या गोव्याला हेच धरून चालतं. इतर उपग्रहांचे कोन, पणजीहून:

८३ पूर्व (टाटा प्ले): दिशा १४९, उंची ६९
८८ पूर्व (डी२एच): दिशा १३७, उंची ६५.५
९५ पूर्व (डिश टीव्ही): दिशा १२४.५, उंची ५९.५
१०८.२ पूर्व (एअरटेल): दिशा १११, उंची ४७

९३.५ आणि ९५ यांतलं अंतर बघून ठेवा. त्याने पुढे त्रास होणार आहे.

दिशा मोजायला मोबाइलमधला कंपास चालतो, पण लोखंडी खांबाजवळ किंवा पत्र्याच्या छपराखाली तो सर्रास १५-२० अंश चुकतो. छत्रीच्या जागेपासून चार-पाच मीटर दूर उभं राहून १२७ अंशांच्या रेषेत लांबची एखादी खूण धरावी, टाकी, चर्चचा मनोरा, माड, काहीही, आणि मग त्या खुणेवरून छत्री वळवावी. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे जेमतेम अंशभर आहे, तो सोडून दिला तरी चालतं.

माड आड येतो का

६१ अंश म्हणजे बरंच वर. आडव्या अंतराच्या १.८ पट उंचीपर्यंतची वस्तू आड येत नाही. छत्रीच्या पातळीपेक्षा १४ मीटर उंच असलेला माड आग्नेयेला असेल, तर तो निदान ८ मीटर दूर हवा. झावळ्या वाऱ्यात दोन-अडीच मीटर हलतात, तेवढी सूट वेगळी धरा. ओल्या झावळीतून केयू-बँडचा सिग्नल पार होत नाही. माड जवळ असेल तर चित्र वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर तुटतं आणि वारा पडला की येतं, त्यावरून हा दोष ओळखता येतो.

इथे डोळे हमखास फसतात. घरगुती छत्री ऑफसेट जातीची असते. तिचा एलएनबी (थाळीने गोळा केलेला सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा डबा) मधोमध नसून खाली दांड्यावर असतो, त्यामुळे ती प्रत्यक्षात जिथे बघते त्यापेक्षा २२ ते २६ अंश खाली बघत असल्यासारखी दिसते. ६१ अंशांवर लावलेली छत्री बघणाऱ्याला ३७ अंशांवर लावल्यासारखी वाटते. मग समोरचं आंब्याचं झाड विनाकारण तोडायला निघतात आणि खरा आड येणारा माड वर तसाच राहतो.

सूर्याकडून फुकट तपासणी करून घेता येते. १३ मार्चच्या सुमाराला सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी, आणि ३० सप्टेंबरच्या सुमाराला ११ ला पाच कमी असताना, सूर्य गोव्याहून बघता बरोबर जीसॅट-१५ च्या जागी असतो. त्या वेळी छत्रीवर सावली पडत असेल, तर ती ज्याची पडते ते झाड आड आहे. छत्री आधीच लावलेली असेल तर परतलेला उजेड एलएनबीच्या तोंडावर गोळा झालेला दिसतो. बाजूला पडला असेल तर छत्री त्या बाजूला चुकली आहे. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणून घड्याळ नीट लावूनच बघा.

जागा उंच हवी असा एक समज आहे. मोबाइलच्या टॉवरसाठी तो खरा आहे, इथे नाही. उपग्रह इतका डोक्यावर असताना अंगणात, गच्चीच्या कोपऱ्यात, पडवीच्या बाजूला मोकळं आकाश मिळत असेल तर तीच जागा उत्तम. उंचीवर गेल्याने सिग्नल तसूभरही वाढत नाही. वाढतो तो वारा आणि विजेचा धोका. शिवाय पावसात हात पोहोचेल अशी छत्री लोक पुसतात, छपरावरची कोणी पुसत नाही. विजेच्या तारांपासून मात्र इतकं दूर राहा, की खांब आडवा पडला तरी तारेला लागणार नाही.

केवढी छत्री

६० सेंटिमीटरच्या छत्रीवर उघड्या आकाशात फ्री डिश उत्तम चालते. प्रश्न पावसाचा आहे. १२ गिगाहर्ट्झच्या आसपास ताशी १०० मिलिमीटर वेगाचा पाऊस दर किलोमीटरला सुमारे ५ डेसिबल खातो, आणि आपल्याकडे जून-जुलैत असा पाऊस थोडा-थोडा वेळ का होईना, पडतोच. उपग्रह उंच असल्याने लहरींचा पावसातला प्रवास त्यातल्या त्यात कमी होतो, ही आपली जमेची बाजू.

६० ऐवजी ७५ घेतली की जवळपास २ डेसिबल वाढतात, ९० घेतली की साडेतीन. पण वाऱ्याचा दाबही वाढतो. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात ६० च्या छत्रीवर सुमारे १८ किलोंचा रेटा येतो, ७५ वर २८ आणि ९० वर ४०. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने किनाऱ्यावर काय केलं ते पाहिलेल्याला हा हिशोब पटवावा लागत नाही. किनारपट्टीला ६० किंवा ६५ आणि भक्कम बैठक, तर वाळपई, सांगे, धारबांदोडा अशा घाटाच्या पायथ्याच्या भागात ७५ किंवा ९०, असं आमचं मत आहे. आत पाऊस जास्त आणि वारा बाहेरच्या मानाने कमी.

एवढीशी थाळी पुरते कशी, हा प्रश्न रास्त आहे. ती पुरते, कारण वजन आणि ताकद आकाशात गेली. १९६५ मध्ये सुटलेला पहिला व्यापारी भूस्थिर उपग्रह अर्ली बर्ड चाळीसेक किलोंचा होता आणि त्याच्या सौर घटांतून ५० वॅटही निघत नव्हते. २४० टेलिफोन संभाषणं किंवा एक टीव्ही चॅनेल, एवढीच त्याची कुवत. ते ऐकायला जमिनीवर प्रचंड अँटेना लागत. पुण्याजवळच्या आर्वीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिलेली तबकडी जवळपास ३० मीटर व्यासाची आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रहावरून शिक्षण देण्याच्या प्रयोगात २,४०० खेड्यांना टीव्ही दाखवला, तेव्हा अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाने ९ मीटरची छत्री आकाशातच उघडली होती, म्हणून खाली कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीची ३ मीटरची छत्री पुरली. पुढे इन्सॅटच्या सी-बँडला (केयूपेक्षा लांब लहरींना) केबलवाल्यांच्या आठ-दहा-बारा फुटी छत्र्या आल्या. मग केयू-बँड आला. लहर आखूड झाल्याने तेवढ्याच थाळीचा झोत अरुंद आणि तेज झाला, आणि जीसॅट-१५ सारख्या उपग्रहाकडे ६,२०० वॅटची सौर वीज असल्याने तो झोत भारतावर एकवटून टाकता येतो. किंमत मोजली ती पावसात. सी-बँडला तोच मुसळधार पाऊस दर किलोमीटरला डेसिबलचा दहावा हिस्सासुद्धा जेमतेम खातो. केबलवाल्यांनी मोठ्या जाळीच्या छत्र्या अजून मोडीत काढलेल्या नाहीत, त्याचं हे एक कारण.

बैठक

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत अँकर फास्टनर ठोकणं ही गोव्यातली नेहमीची चूक. चिरा मऊ आणि छिद्राळ असतो. फास्टनर फुगला की आतला चिरा भुगा होतो, पहिल्या पावसात भोक मोठं होतं आणि छत्री एखाद-दोन अंश लवते. चिऱ्यात बसवायचं असेल तर आरपार बोल्ट घ्या आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला लोखंडी पट्टी द्या. शक्य असेल तर काँक्रीटचा खांब किंवा बीमच शोधा. तिथे १० मिलिमीटरचे चार फास्टनर बस होतात.

स्लॅबला भोक पाडलं की गळती मागे लागते. त्यापेक्षा पाऊण मीटर चौरस लोखंडी चौकट करून तिच्या मधोमध खांब वेल्ड करावा आणि चौकटीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवावेत. ६० च्या छत्रीला ८० किलो, ७५ च्या छत्रीला १०० किलोंपेक्षा कमी वजन ठेवू नका. कौलारू घरात वाशाला किंवा रिपेला खांब बांधणं सोडून द्या. वासा वाऱ्यात हलतो, कौलं सरकतात आणि पाणी घरात येतं. त्यापेक्षा अंगणात ६० सेंटिमीटर खड्डा करून ५० मिलिमीटरचा जीआय पाइप काँक्रीटमध्ये उभा करा.

खांब ओळंब्यात हवा, दोन्ही बाजूंनी. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण खांब तिरका असला की छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलत जाते. मग एक धरायला गेलं की दुसरं सुटतं आणि तासभर शोधूनही उपग्रह सापडत नाही. नटबोल्ट स्टेनलेस किंवा गॅल्व्हनाइज्ड घ्या, पेटीतले पिवळसर मुलाम्याचे बोल्ट किनाऱ्यालगत दोन पावसाळ्यांत गंजून बसतात. बसवतानाच ग्रीस लावलं तर पुढच्या वेळी छत्री हलवता येईल.

उपग्रह धरणं

आधी बॉक्समध्ये उपग्रह ९३.५ पूर्व निवडा आणि एलएनबी युनिव्हर्सल ठेवा, म्हणजे ९७५० आणि १०६००. चाचणीसाठी एक ट्रान्सपाँडर हवा, उदाहरणार्थ ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल (उभ्या कंपनाची लहर; हॉरिझाँटल म्हणजे आडव्या), सिंबल रेट २९५००. एलएनबी त्यातून ९७५० वजा करून १३४० मेगाहर्ट्झ केबलमध्ये सोडतो. मीटरवर काम करणार असाल तर हाच आकडा लागतो. बॉक्स व्हर्टिकलसाठी १३ व्होल्ट आणि हॉरिझाँटलसाठी १८ व्होल्ट वर पाठवतो, आणि वरच्या बँडसाठी त्यावर २२ किलोहर्ट्झचा सूर चढवतो. केबल लावताना-काढताना बॉक्स बंद ठेवा. मधली तार जाळीला टेकली की बॉक्सची वीजबाजू उडते.

उंचीची पट्टी ६१ वर आणा. पट्टी पुसट असेल किंवा तिच्यावर विश्वास नसेल, तर थाळीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर सरळ लाकडी पट्टी टेकवून तिच्यावर मोबाइलचं कोन मोजायचं ॲप ठेवा. उभ्या रेषेपासून मागे झुकलेला कोन ३५ ते ३९ च्या दरम्यान यायला हवा. कंपनीने ऑफसेट छापला असेल तर ६१ मधून तो वजा करा, नेमका आकडा मिळेल.

एलएनबीचा पीळ याच वेळी द्या. उपग्रह आपल्या पूर्वेला असल्याने त्याचं व्हर्टिकल आपल्याला तिरकं दिसतं. छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं, तर एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेला सुमारे ५० अंश फिरलेला हवा, म्हणजे सरळ ठेवल्यावर केबलचं तोंड ६ वर असेल तर ते ५ आणि ४ च्या मध्ये, ४ कडे जास्त. हे सुरुवातीचं स्थान झालं, शेवटी मीटर सांगेल तिथेच थांबायचं. समोरून बघून फिरवलं तर डावं-उजवं उलटतं, आणि ही गफलत फार होते.

मग खांबावरचा क्लॅम्प इतकाच सैल करा, की छत्री हाताने फिरेल पण सोडल्यावर जागची हलणार नाही. १२७ अंशांच्या खुणेच्या दहा अंश डावीकडून सुरुवात करून उजवीकडे या. ६० च्या छत्रीची कड पाच मिलिमीटर सरकली म्हणजे एक अंश झाला. एका वेळी तेवढंच सरकवा आणि तीन सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. सरसर फिरवणारा माणूस उपग्रहावरून चार वेळा जातो आणि त्याला तो दिसत नाही. पूर्ण फेरी रिकामी गेली तर उंची दोन अंश वाढवून परत, मग दोन अंश कमी करून परत.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थच्या पट्टीकडे दुर्लक्ष करा. ती फक्त केबलमधून काहीतरी येतंय एवढंच सांगते, छत्री भिंतीकडे असली तरी ती ६०-७० टक्के दाखवू शकते. कामाची पट्टी क्वालिटीची.

चुकीचा उपग्रह

६० सेंटिमीटर छत्रीचा झोत सुमारे ३ अंश रुंद असतो. ९५ पूर्वेवरचा एसईएस-८ आपल्याला जीसॅट-१५ पासून दीड-पावणेदोन अंशांवरच दिसतो, आणि दुसऱ्या बाजूला ९१.५ पूर्वेवर मीसॅट उभा आहे. त्यामुळे मीटरच्या सुईवर किंवा स्वस्त शिट्टीवाल्या फाइंडरवर विसंबलं तर शेजाऱ्यालाच धरून बसाल. तो फाइंडर सगळ्या बँडची ऊर्जा मोजतो, कोणाची ते त्याला कळत नाही. स्कॅन करून डीडी सह्याद्री, डीडी नॅशनल अशी नावं आली तरच आपण जागेवर आहोत. नुसत्या कुलूप लावलेल्या चॅनेलांची रांग आली, किंवा क्वालिटी शून्य आणि सुई मात्र पूर्ण वर, तर छत्रीची कड अकरा मिलिमीटर उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकवा आणि उंची एक-सव्वा अंश वाढवा. ९५ वरून ९३.५ वर यायला एवढंच लागतं.

जुना एमपीईजी-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) बॉक्स असेल तर फ्री डिशचे सगळे चॅनेल दिसणार नाहीत. तो छत्रीचा दोष नाही. सगळे हवे असतील तर नव्या पद्धतीचा एमपीईजी-४ बॉक्स घ्यावा लागेल.

शिखर शोधणं

आता खरं काम. क्वालिटी सगळ्यात जास्त वाटते तिथे थांबू नका, कारण शिखराच्या आजूबाजूला आकडा सपाट असतो आणि अर्ध्या अंशाची चूक त्यात लपते. छत्री हळू डावीकडे ढकला, क्वालिटी ठरलेल्या आकड्यापर्यंत पडली की, समजा ८० वरून ५० वर, खांबावर आणि क्लॅम्पवर समोरासमोर मार्करची रेघ मारा. मग उजवीकडे नेऊन पुन्हा ५० वर आली की खांबावर दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये क्लॅम्पची रेघ आणून आवळा. उंचीसाठीही असंच. त्यानंतर एलएनबीचा पीळ दोन्हीकडे फिरवून मध्य काढा, आणि शेवटी एलएनबी आपल्या कड्यात अर्धा-एक सेंटिमीटर पुढे-मागे करून बघा. या शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक लोक करतच नाहीत, आणि एखाद-दीड डेसिबल तिथेच सांडलेला असतो.

नट आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळायचे. एकाच बाजूचा नट पूर्ण पिळला की छत्री त्या बाजूला ओढली जाते. आवळून झाल्यावर क्वालिटी पडली असेल तर पुन्हा सैल करा, "चालतंय" म्हणून सोडू नका. सगळं झाल्यावर थाळीची वरची कड बोटाने हलकेच मागे दाबा. क्वालिटी लगेच घसरायला हवी. पुढे ओढल्यावरही तेवढीच घसरायला हवी. एका बाजूला दाबल्यावर ती वाढत असेल तर शिखर अजून त्या बाजूला आहे.

केबल आणि पाणी

गोव्यात छत्र्या बंद पडतात त्या बहुतेक केबलच्या तोंडातून शिरलेल्या पाण्याने. काळ्या आवरणाची, शक्यतो पूर्ण तांब्याच्या तारेची आरजी-६ घ्या. पांढरं आवरण उन्हाने दोन वर्षांत तडकतं. या कामाच्या फ्रिक्वेन्सीवर १०० मीटर केबल २४-२५ डेसिबल खाते. ३० मीटरपर्यंत काळजी नाही, आणि मध्ये जोड तर नकोच.

एफ कनेक्टर बसवताना मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटरच यावी. पांढरं इन्सुलेशन आतल्या पातळीशी समान हवं आणि जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. पिळून बसवायचे कनेक्टर सोयीचे असतात, पण दमट हवेत सैल होतात. दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर घ्या. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर. वरून खाली गुंडाळली तर कौलं उलटी घातल्यासारखं पाणी प्रत्येक थराच्या आत शिरतं. साधी वीजवाल्यांची काळी टेप पाणी आत कोंडून ठेवते, ती नसलेली बरी.

एलएनबीपासून निघालेल्या केबलला खाली झोका द्या आणि घरात शिरण्याआधी भिंतीबाहेर आणखी एक, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. जाळीत एकदा पाणी शिरलं की ते केशाकर्षणाने मीटरच्या मीटर पुढे जातं आणि थेट बॉक्सच्या तोंडात उतरतं. ओली झालेली केबल वाळवून उपयोग नसतो. कापून ताज्या तांब्यापर्यंत जा, नाहीतर बदला.

विजेचं म्हणाल, तर मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की बॉक्सची वीज आणि मागची केबल दोन्ही काढा. नुसता प्लग काढून भागत नाही. खांबाला जाड तांब्याची तार लावून घराच्या अर्थिंगला जोडा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी घालत राहा.

पावसाळ्यात दोष ओळखणं

जोराची सर आली, चित्र गेलं आणि पाच-पंधरा मिनिटांत आपोआप आलं, तर तो पाऊसच. छत्रीला हात लावू नका. पावसात छत्री हलवून "ठीक करणारा" पाऊस थांबल्यावर शिखर गमावून बसतो.

डोक्यावर थेंब नाही आणि चित्र गेलं, तर आग्नेयेकडे बघा. लहरी ६१ अंशांतून येतात, त्यामुळे पाच किलोमीटर उंचीवर त्यांची वाट आपल्यापासून पावणेतीन किलोमीटर दूर असते. पणजीच्या छत्रीला मेरशी-सांताक्रूझवरचा ढग आड येतो. पाऊस थांबून तास झाला, ऊन पडलं आणि मग चित्र आलं, तर कनेक्टरमध्ये पाणी आहे. फक्त एलएनबीवर पाणी साचल्यासारखं वाटत असेल तर त्याच्या पांढऱ्या टोपीवर बारीक तडा शोधा. टोपी तडकली की एलएनबी बदलायचाच. काही ट्रान्सपाँडर येतात आणि काही येत नाहीत, असं दिसलं तर आधी एलएनबीचा पीळ आणि मग व्होल्टेज तपासा.

ऑगस्टच्या सुमाराला थाळीवर हिरवं शेवाळ धरतं आणि एलएनबीच्या तोंडाशी कोळी किंवा गांधीलमाश्या घर करतात. कोरडं जाळं फारसं काही करत नाही, ओलं जाळं करतं. ओलं फडकं फिरवून थाळी पुसा. घासायची जाळी वापरू नका, रंग गेला की गंज धरतो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर, सकाळी अकराच्या आगेमागे, लागोपाठ काही दिवस थोडी-थोडी मिनिटं चित्र जात असेल, तर सूर्य उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो. यावर उपाय नाही आणि गरजही नाही. ८३ पूर्वेच्या छत्रीवर हेच मार्चमध्ये दुपारी १२ च्या सुमाराला होतं, सप्टेंबरअखेर पावणेबाराला.

आणि एखाद्या दिवशी सगळ्या गावाचीच छत्री एकदम बंद झाली, तर आपली खोलायला घेऊ नका. जुलै २०१० मध्ये याच ९३.५ पूर्वेवरच्या इन्सॅट-४बी च्या सौर पंखात बिघाड होऊन त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले होते. जुन्या उपग्रहाची जागा नवा घेतो तोही याच रेखांशावर आणून उभा केला जातो, तेव्हा छत्री तशीच ठेवून बॉक्समध्ये नव्याने स्कॅन करायचं.